राक्षसाच्या महालाचं दार

९ जानेवारी १९९८

मिशी गेली! राक्षसाची मिशी गेली!

काल मी स्वतः चित्रात काढली होती. बारीक, कोरलेली, टोकाला किंचित वर वळलेली. आज फाइल उघडली तर ओठावर साफ मैदान! माऊसने मिशी काढायची म्हणजे साबणाच्या वडीने रांगोळी घालण्यातला प्रकार. एवढी मेहनत केलेली मी विसरेन?

कागदावर कोणी खोडलं तर निदान डाग राहतो, खोडरबराचा चुरा राहतो. इथे काहीच नाही. जन्मापासून सफाचट असल्यासारखा बघतोय माझ्याकडे.

सत्यजितला विचारलं. पेपरातून मान वर न करता नवरा म्हणाला, "सेव्ह केलं नसशील." केलं होतं! केलं होतं! केलं होतं!

१० जानेवारी

मिशी परत काढली. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

कॉम्प्युटर आहे बाहेरच्या खोलीत. सत्यजितने घेतला ऑफिसच्या कामासाठी, आता बसते मी. मानक नगरच्या या क्वार्टरमध्ये जो येतो तो आधी त्याच्यापुढे उभा राहतो. "भाभीजी, यह आपने बनाया? कम्प्यूटर पर?" — आणि बोट थेट स्क्रीनवर! तेलकट बोटं पुसता पुसता माझा जीव जातो. पण ही माणसं नुसती बघतात. हात लावणारं कोण?

हात लावते ती सुनेत्रा. मेजरची बायको, कॅन्टोन्मेंटमध्ये राहते, साताऱ्याची. मुलांच्या पुस्तकातली गोष्ट तिची, चित्रं माझी. आठवड्यातून दोन-तीनदा गाडी घेऊन येते आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून, "इथे जरा असं कर ना गं" म्हणत माऊस हातातून काढूनच घेते. लखनऊत माझं म्हणावं असं एकच माणूस. म्हणून तर राग जास्त येतो.

परवा राक्षसाकडे बघून हसली होती. "हा ओळखीचा वाटतो गं." मी म्हटलं, राक्षस कुठे ओळखीचा असतो? तर म्हणे, "असतो एखादीच्या." काय बोलते तिचं तिलाच माहीत.

१२ जानेवारी

नाक! आता नाक! चांगलं लांब, मधे उंचवटा असलेलं नाक होतं. त्याचा बटाटा झालाय. मिशीही परत गायब. ज्याने केलंय त्याला माऊस नीट धरताही येत नाही, गालावर रेघ ओघळली आहे.

सुनेत्रा काल आली होती. मी चहा ठेवायला आत गेले होते. आता यापुढे काय लिहायचं?

१३ जानेवारी

धुकं एवढं की समोरचं क्वार्टर दिसत नाही. डीएमच्या, म्हणजे कलेक्टरच्या, ऑर्डरने शाळा बंद. आमची मुक्ता रजाईत बसून मटार सोलते, त्यातले निम्मे खाते.

सुनेत्रा तरीही आली. आज मी तिला एकटं सोडलंच नाही, चहासुद्धा तिला स्वयंपाकघरात बोलावून दिला. तिला संशय आला असेल तर आला.

शेवटच्या चित्रावरून वाद झाला. गोष्ट अशी — राक्षसाने राजकन्येला काचेच्या महालात ठेवलंय. खात नाही, मारत नाही, दागिने, मिठाई, सगळं आणून देतो. फक्त कपाटा-कपाटाला कुलूप लावतो आणि रोज संध्याकाळी विचारतो, "आज काय केलंस?" एक दिवस महालाचं दार उघडं राहतं. बास, इथपर्यंत आमचं एकमत. पुढे सुनेत्रा म्हणते, दार दाखव, बाकी पोरांना ठरवू दे. मी म्हणते, छे! राजकन्या गेलेली दिसली पाहिजे. लांब रस्त्यावर, पाठमोरी. नाहीतर एवढी पानं कशाला उलटायची?

मुक्ता मध्येच म्हणाली, "मम्मी, बिल्ली भी जाएगी?" राजकन्येचं एक मांजर आहे, प्रत्येक चित्रात कुठेतरी कोपऱ्यात बसवलंय. मी म्हटलं, नाही, मांजर राहील महालात. राक्षस त्याला दूध देतो की. "अच्छा," म्हणाली आणि मटार घेऊन आत गेली.

ही पोरगी एक शब्द मराठी बोलत नाही. आपण मराठीत विचारायचं, तिने हिंदीत उत्तर द्यायचं. सासूबाईंशी फोनवरसुद्धा "हाँ दादी, ठीक हूँ." लाज वाटते मला.

१४ जानेवारी

आज संक्रांत, इथे सगळीकडे खिचडी. आईचं पार्सल वेळेत आलं — तिळगूळ आणि काटेरी हलवा. सुनेत्राला तिळगूळ दिला. गोड बोल म्हणाली. बोलले.

१७ जानेवारी

चारबाग स्टेशनच्या बूथवर जाऊन निरंजनला फोन केला. घरच्या फोनच्या एसटीडीला सत्यजितने कोड घातलाय, "लोकल काय हवं ते कर" म्हणे. म्हणून एवढ्या थंडीत मुक्ताला स्वेटरवर स्वेटर घालून टेम्पोने गेले. तिला ठेवणार कोणाकडे?

निरंजन आमच्या पुण्याच्या कॉलेजातला. आता त्याची प्रकाशन संस्था आहे. हे पुस्तक तोच काढणार. आज सरळ विचारलंन, "हेमा, इथेच ये ना. ऑफिसात मोठा मॉनिटर आहे, स्कॅनर आहे. एकामागून एक पुस्तकं करू. हॉस्टेलवर खोली बघून ठेवतो. सहा महिने काम करून बघ, मग ठरव."

बूथवाला शेजारीच, त्याच्या मागे दोन कुली, पण लखनऊत मराठी बोलायचं म्हणजे बंद खोलीत बोलल्यासारखंच. मोकळी बोलले. कित्येक वर्षांत बोलले नव्हते एवढी. म्हटलं, मला इथे गुदमरतं. म्हटलं, सत्यजित वाईट नाही रे, पण रोज येऊन हिशेब घेतल्यासारखं विचारतो आणि मग उत्तर ऐकतही नाही. म्हटलं, येते. मुक्ता राहील इथे, तिची शाळा आहे, शेजारच्या भाभी बघतील. पुढचं पुढे.

मुक्ता माझ्या शेजारी स्टुलावर बसून काचेवर वाफ सोडत होती. बोटाने घरं काढत होती.

परतताना तिला तिळाचा गजक घेऊन दिला. तिने खाल्ला नाही, खिशात ठेवला. थंडीच आहे तशी.

१८ जानेवारी

पुण्याचं सुनेत्राला सांगितलं. फक्त तिला. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "नीट विचार कर." एवढंच! मला वाटलं होतं मिठी मारेल.

२० जानेवारी

दार बंद केलंय!!

शेवटचं चित्र. रविवारी पुरं केलं होतं. महालाचं दार सताड उघडं, पलीकडे पिवळा रस्ता, रस्त्यावर पाठमोरी राजकन्या. आज उघडलं तर दाराच्या चौकटीत गडद तपकिरी रंग ओतलेला. रंगाच्या बादलीचं चित्र असतं ना कोपऱ्यात, ते घेऊन चौकटीत एकदा टिचकी मारली की झालं. रस्ता गेला, राजकन्या गेली. वर एक वाकडी कडी.

मिशी-नाक ही थट्टा म्हणून सोडून दिलं असतं. पण हे थट्टेतलं नाही. हे मला सांगणं आहे — जाऊ नकोस. आणि मी जाणार हे माहीत कोणाला? एकीलाच.

२१ जानेवारी

फ्लॉपीवर जुनी प्रत होती म्हणून वाचले. दार पुन्हा उघडलं. नाक-मिशीही पुन्हा काढली. सगळ्या फ्लॉप्या ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप.

हजरतगंजहून कॉम्प्युटरवाला जगदीश आला यूपीएस बघायला. त्याच्याकडून कॉम्प्युटरला पासवर्ड घालून घेतला. अर्धा तास खटपट करून झाल्यावर म्हणतो, "वैसे भाभीजी, पासवर्ड माँगे तो एस्केप दबा दीजिए, खुल जाता है." मग घातलास कशाला रे बाबा! आणि हे सगळ्यांसमोर, मोठ्याने!

घरातल्या सगळ्यांना पुन्हा विचारलं. सगळे म्हणजे सत्यजित. म्हणाला, "तुझं डोकं फिरलंय." बरं.

२३ जानेवारी

सापळा लावलाय. माऊसवर, बरोब्बर मधोमध, काटेरी हलव्याचा एक पांढरा दाणा ठेवला. माऊस हलला की दाणा पडणार. मग बघते!

२४ जानेवारी

दार बंद. कडी मोठी. आणि हलव्याचा दाणा पडलेला नाही — नाहीच! टेबलावर नाही, खाली नाही. चोराने खाल्ला!

दुपारी सुनेत्रा येऊन गेली होती. मी धोब्याशी बोलायला जिन्यात होते, तेवढ्यात. आणि हलवा बघितला की तिचा हात आपोआप जातो, संक्रांतीला अर्धी वाटी तिनेच संपवली.

आता पुरावा आणखी काय हवा?

२५ जानेवारी

बोलले. सगळं बोलले.

तिच्या घरी जाऊनच बोलले, तिच्या त्या गुलाबांच्या कुंड्यांमध्ये उभी राहून. म्हटलं, तुला मी जायला नको आहे तर तोंडाने सांग, माझ्या चित्रांवर हात कशाला टाकतेस? आधी तिला कळेचना. मग कळलं तशी पांढरी पडली. "हेमा, मी तुझं चित्र बिघडवीन? मी?" मी म्हटलं, हलवा कोणी खाल्ला? आता लिहिताना वाचते तर वेड्यासारखं वाटतंय, पण तेव्हा मी ओरडून विचारलं, हलवा कोणी खाल्ला!

तिचा ऑर्डर्ली आतून बघत होता. मराठीतच भांडत होतो, पण चेहरे काय मराठी असतात?

शेवटी म्हणाली, "गोष्ट तुझ्याकडेच ठेव. माझं नाव नको घालूस." आणि आत गेली.

बसमध्ये रडले. पण चूक माझी नाही.

२६ जानेवारी

परेडला सुनेत्रा दिसली. तिने नजर फिरवली. बरोबर आहे, डोळ्याला डोळा भिडवणार कशी?

२९ जानेवारी

ती येऊन पाच दिवस झाले. चित्रं जशीच्या तशी आहेत. कळलं ना कोण होतं ते?

कळलं म्हणून आनंद व्हायला हवा होता. घरात नुसती यूपीएसची किरकिर. चहा एकटीचा.

१ फेब्रुवारी

काय लिहू! हसू की रडू!

रविवार. मुक्ताला घेऊन आलमबागला भाजीला निघाले, कोपऱ्यापर्यंत गेले आणि पिशवीच विसरले. परत आले तर सत्यजित कॉम्प्युटरपुढे. स्क्रीनला नाक टेकलेलं, जीभ दातांत धरलेली, आणि माऊस दोन्ही हातांनी धरून राक्षसाचं नाक पुसतोय!

तोच दचकून उठला. कान लाल. "जास्त काही नाही बदललं. फक्त नाक." मग एकदम चिडला. "राजाराम आला होता चहाला, हसत सुटला. म्हणाला, सत्यजित, वहिनींनी तुझं काय झकास पोर्ट्रेट केलंय. अख्ख्या ऑफिसात सांगितलंन त्याने! मला राक्षस म्हणतात, हेमा!"

मी स्क्रीनकडे बघितलं. मग त्याच्याकडे. लांब नाक, मधे उंचवटा. कोरलेली मिशी, टोकाला वर. देवाशपथ सांगते, मी मुद्दाम नाही काढलं. माझ्या हातातून आपोआप आलं. ते जास्त वाईट आहे की कमी, मला ठरवता येत नाही.

तो म्हणाला, "असा दिसतो मी तुला?"

भाजी आणायची राहिलीच, वरणभात केला.

मग आठवलं, विचारलं — आणि दार? "कुठलं दार?" म्हणाला. दाखवलं. "दाराला मी कशाला हात लावू? दाराला कुठे नाक आहे?" पण मला नाही पटलं. एकदा चोरून बसणारा दुसऱ्यांदा बसला नसेल कशावरून? आणि पुण्याचं त्याच्या कानावर आलंच असेल. सुनेत्राचा मेजर बोलला असेल क्लबात.

३ फेब्रुवारी

सुनेत्राकडे गेले. पाय उचलत नव्हते, तरी गेले. फाटकातच माफी मागितली. नाकाचं सगळं सांगितलं. तिला हसू आवरेना, पण आत ये म्हणाली नाही.

"आणि दार?" तिने विचारलं.

म्हटलं, तेही त्यानेच. तुझ्या यजमानांनी त्याला पुण्याचं सांगितलं असणार.

"यांना मी सांगितलंच नाही," ती म्हणाली. "कोणालाच नाही सांगितलं. हेमा, तू माफी मागायला आलीस ना? मग अजून संशय कसला घेतेस?" आणि मग हळू आवाजात, "मी गप्प का होते त्या दिवशी, विचारलं नाहीस कधी. मला तू जायला हवी होतीस. पण मुक्ताचं नाव तू शेवटी घेतलंस, आणि तेसुद्धा शाळेच्या फीबरोबर."

राग आला तिचा. फार राग आला. घरी येईपर्यंत पुरला.

५ फेब्रुवारी

चारबागला जाऊन तिकीट काढलं. पुढच्या शुक्रवारचं, पुष्पक एक्सप्रेसचं, मधे गाडी बदलून पुण्याला. चित्रांच्या फ्लॉप्या स्वतःच घेऊन जाते, म्हणजे पोस्टात हरवायला नकोत. तिकीट ब्लाउजमध्ये ठेवलंय. घरात आता कुठल्याच कपाटावर माझा विश्वास नाही.

६ फेब्रुवारी

सत्यजितला सांगितलं. जेवताना, मुक्ताला वाढता वाढता. नाहीतर कधी सांगणार होते?

ओरडेल वाटलं होतं. ओरडला नाही. घास हातातच राहिला. "म्हणजे दार खरं होतं," म्हणाला. मी विचारलं, खरंच तू नाही बंद केलंस? मुक्ताच्या डोक्यावर हात ठेवला त्याने. "हिची शपथ." माझा विश्वास बसला, पहिल्यांदाच. तो नाही, सुनेत्रा नाही, जगदीश तर त्यानंतर फिरकलाच नाही. मग घरात येऊन जातं कोण?

मुक्ता म्हणाली, "पापा, हाथ हटाओ, भारी है."

७ फेब्रुवारी

दार उघडलं. राजकन्या पुन्हा काढली, रस्ता पुन्हा पिवळा केला. दिवसभर तिथून हलले नाही. कोणी आलं नाही. सत्यजित सुट्टीचा असूनही बाहेर व्हरांड्यात बसून होता. विचारलं, आत का येत नाहीस? म्हणाला, "उद्या पुन्हा माझ्यावर येईल."

फक्त आंघोळीला गेले, तेवढंच.

८ फेब्रुवारी

सकाळी चित्रं फ्लॉपीवर उतरवायला बसले. दार बंद. दोन कड्या, वर कुलूप, आणि रंग चौकटीबाहेर सांडलेला. सत्यजितला हाक मारायला वळले तर मागे मुक्ता उभी. खाली मान. हुंदका देत बोलली, आणि मराठीत बोलली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"आई, दार मी लावलं. फोनच्या दुकानात तू बोललीस ते मला सगळं कळलं. तू नको जाऊ."